मंडपातला हशा

गेल्या फाल्गुनात आमच्या देवळाच्या सभामंडपात कीर्तन झाले. बुवा नामांकित, आवाज गोड, पेटी-तबल्याची साथ उत्तम. पूर्वरंगात देहाच्या नश्वरतेचे निरूपण चालले असता बुवांना एकाएकी आजच्या बायका आठवल्या. "आता म्हणे मांड्या कापून, आवळून, शिवून घेतात! यमाच्या दारी मापे द्यायची असतील!" असे ते म्हणाले आणि सारा मंडप हसला. पुरुषांच्या बाजूने हशा उठला तसा बायकांच्या बाजूनेही उठला. माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती. तीही हसली. हसणे तिला भागच होते, कारण ती गप्प राहिली असती तर शेजारणीने वळून पाहिले असते.

ती का हसली हे त्या मंडपात मला एकटीलाच ठाऊक होते. तिची संमती घेऊन आज ते लिहिते. गाव, साल आणि इस्पितळ मात्र सांगणार नाही.

जाऊबाईंना बाळंतपणानंतर मधुमेह जडला आणि वजन शहाण्णव किलोंवर गेले. डॉक्टरांच्या सल्ल्याने जठराची शस्त्रक्रिया झाली, पथ्य झाले, चालणे झाले. दोन वर्षांत ती अठ्ठावन्न किलोंवर आली, मधुमेह आटोक्यात आला. सर्वांनी कौतुक केले. परंतु मेद गेला तरी त्याला वेढून राहिलेली कातडी गेली नाही. पुष्कळ वर्षे ताणलेल्या त्वचेतील लवचीक तंतू तुटलेले असतात. ती पूर्ववत आक्रसत नाही. मांडीच्या आतल्या अंगाला रिकाम्या पिशवीसारख्या घड्या लोंबू लागल्या. त्या एकमेकींवर घासत. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने अंग कोरडे म्हणून राहत नाही. घड्यांत ओल राही, तिच्यातून बुरशी, बुरशीतून चिरा. देवळाच्या पायऱ्या चढून आली की पातळाला रक्ताचा डाग. मलमे झाली, पावडरी झाल्या, शेवटी ती मंडपात यायचीच बंद झाली. तेव्हा बायकांनी काढलेला अर्थ असा, की बारीक झाल्यापासून हिला गर्व चढला आहे.

मग तिने कोठेतरी जाहिरात पाहिली. थाय लिफ्ट. मांड्यांची सैल कातडी कापून उरलेली ताणून बसविण्याची ही शस्त्रक्रिया. नवऱ्यास विश्वासात घेऊन, आम्हां सर्वांना लेकीकडे जाते म्हणून सांगून ती परगावी गेली आणि करून आली. ‘पंधरा दिवसांत सर्व पूर्ववत’ असे तिला सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात चवथ आली. घर माणसांनी भरलेले, माटोळी बांधून झालेली, नेवऱ्यांना नारळ हवे होते. मी म्हणजे घरातील थोरली. मीच तिला आदोळीवर बसविले. आदोळीवर कसे बसतात हे आपल्याला ठाऊक आहे: एक पाय मुडपलेला, एक गुडघा वर, जांघ ताणलेली. ती बसली, कारण नाही म्हणायला तिच्यापाशी सांगण्यासारखे कारण नव्हते. दहा नारळ तिने खोवले. रात्री न्हाणीत तिला दिसले, की जांघेतला टाका उसवून बोटभर जखम उघडी पडली आहे. त्यानंतर सात आठवडे मलमपट्टी चालली. चौथ्या दिवशी ताप चढला तेव्हा मला कळले. "वैनी, म्हाका हें कोणेंच सांगूंक ना," एवढेच ती बोलली. हे म्हणजे मला कोणी सांगितलेच नव्हते.

या वाक्याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे, आणि त्या मंडपातील हशानंतर तो विचार संतापात बदलला. तिला विकणाऱ्याने सांगितले नाही, हे उघडच आहे. परंतु ती आम्हाला विचारू शकली नाही, हे आमचे काम. आमचा हशा आणि त्याची जाहिरात यांची एकमेकांशी ओळख नसेल, पण दोघे एकाच दुकानाचे भागीदार आहेत. ज्या गोष्टीची लाज वाटते ती माणूस गुपचूप करतो. गुपचूप करणारा दुसऱ्या डॉक्टराचे मत घेत नाही, जाणत्यास विचारीत नाही, घरच्यांची मदत मागत नाही, आणि बिघडले तर तक्रारही करीत नाही. याहून सोयीचे गिऱ्हाईक कोणत्या व्यापाऱ्याला मिळेल?

देवाने दिलेल्या देहावर हत्यार चालवू नये, हा आक्षेप मी आदराने ऐकला असता, जर आक्षेप घेणारांच्या स्वतःच्या कानांना भोके नसती. कर्णवेध हा आपल्याकडे संस्कार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान टोचण्याचा विधी आहे आणि टोचून फाटलेली पाळ सांधण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. फाटलेल्या कानाने कोणी मरत नाही. तो दिसायला बरा नाही म्हणूनच सांधायचा. तेथेच तुटलेले नाक नवीन त्वचा आणून घडविण्याची रीत आहे. ही विद्या पोथीतच राहिली असेही नव्हे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. तो वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात चित्रासह छापला गेला, आणि तो वाचून १८१४ साली कार्पू या इंग्रज शल्यवैद्याने तिकडे तीच क्रिया केली. जगातील आजची प्लॅस्टिक सर्जरी आमच्या कारागिराची इतकी ऋणी असताना, तिचे नाव काढताच आम्ही मंडपात खिदळावे?

बुवांनी कधी अष्टावक्राचे आख्यान लावले असेलच. आठ ठिकाणी वाकडा देह घेऊन तो मुलगा जनकाच्या सभेत आला तेव्हा पंडित हसले. मग तोही हसला, आणि हे तुमचे सभासद कातड्याचे पारखी दिसतात, असे त्याने राजाला सुनावले. त्या कथेत बुवा कोणत्या बाकावर बसले होते, हे त्यांनी स्वतःच ठरवावे.

असो. मला या शस्त्रक्रियेचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही. किंबहुना ती किती मोठी आहे हे कळल्यावर पुष्कळजणी ती करणारच नाहीत, आणि त्यात त्यांचे हितच होईल. पुष्कळ वाचून आणि दोघा जाणत्या शल्यतज्ज्ञांना विचारून जे मला समजले ते येथे स्वच्छ लिहिते. देवळाच्या मासिकात जांघेचा उच्चार नको असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढची दोन पाने उलटावीत.

अमेरिकेत लुईस नावाच्या शल्यतज्ज्ञाने १९५७ साली या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रारंभीची वर्षे ती बदनाम होती. जांघेत शिवलेली कातडी मांडीच्या वजनाने खाली ओढली जाई, वण सरकून कपड्याबाहेर दिसे, आणि स्त्रियांच्या बाबतीत गुह्यांगाचा बाह्य भागही ताणला जाऊन विकृत होई. १९८८ मध्ये लॉकवुड याने यावर उपाय सुचविला: केवळ कातडीला कातडी शिवण्याऐवजी आतील थर जांघेतल्या एका चिवट पडद्याला, जो कॉलीस याच्या नावाने ओळखला जातो, पक्क्या टाक्यांनी अडकवायचा, म्हणजे भार त्या पडद्यावर पडतो. तेव्हापासून परिणाम सुधारले. धोका मात्र संपलेला नाही. आपल्या शल्यतज्ज्ञाला ‘आतला थर कशाला अडकवणार?’ एवढे विचारले तरी उत्तरावरून बरेच कळते.

क्रिया एकच नाही. सैलपणा मांडीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शापुरता असेल तर छेद जांघेच्या घडीत बसतो. वजन पुष्कळ उतरलेल्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. त्याला जांघेपासून आतल्या अंगाने खाली गुडघ्याकडे जाणारा उभा छेद लागतो, कधी दोन्ही मिळून. बाहेरच्या अंगाची कातडी सैल असेल तर छेद कमरेच्या बाजूने जातो. म्हणजे सौदा असा आहे: लोंबणारी कातडी द्यावयाची आणि तिच्या मोबदल्यात वण घ्यावयाचा, जो जन्मभर राहील. पहिले काही महिने तो लाल आणि जाड असतो, वर्ष-दीड वर्षाने फिकट होतो, नाहीसा कधीच होत नाही. आमच्या सावळ्या कातडीत तो काळा पडण्याची अथवा दोरीसारखा फुगण्याची शक्यता अधिक. जाहिरातीत मांड्यांचे चित्र नेहमी समोरून का असते, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

मेद शोषून काढण्याची जी लायपोसक्शन म्हणतात ती क्रिया वेगळी. तिने चरबी निघते, कातडी नव्हे. सैल कातडीवर ती एकटीच केली तर सैलपणा वाढू शकतो. आणि थाय लिफ्टने वजन उतरत नाही. वजन आधी उतरवून निदान सहा महिने स्थिर राहिलेले असावे लागते, जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारण वर्ष-दीड वर्ष थांबवितात. नंतर वजन वाढले, किंवा वाढून पुन्हा घटले, तर कातडीही पुन्हा सैल होते. मूल व्हावयाचे असेल तर ते आधी होऊ द्यावे. मधुमेह आटोक्यात हवा, हिमोग्लोबिन पुरेसे हवे, अन्नात प्रथिने हवीत. श्रावणातले एकभुक्त आणि जखम भरणे यांचे जमत नाही. तंबाखू ओढणाऱ्याने निदान चार आठवडे आधीपासून ती बंद ठेवली पाहिजे, कारण तिने कातडीचा रक्तपुरवठा घटतो आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडून मरतात. पुरुषांच्या बाजूच्या हशेकऱ्यांसाठी सांगते, ही क्रिया पुरुषही करून घेतात.

शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला उभे करून कातडीवर रेघा आखतात. आडवे झाल्यावर सैलपणाचा अंदाज चुकतो. पूर्ण भूल देतात किंवा कमरेखालचा भाग बधिर करतात. दोन ते चार तास लागतात, कधी अधिक. जांघेत मोठी शीर आणि लसिकावाहिन्या वरवरच असतात. त्यांना धक्का लागला तर पाय दीर्घकाळ सुजत राहतो. म्हणून ही शिवणकला नव्हे, आणि केस कापण्याच्या दुकानाशेजारच्या खोलीत करण्याची गोष्ट तर मुळीच नव्हे. आतले पाणी बाहेर यावे म्हणून पुष्कळदा नळ्या ठेवतात, त्या काही दिवसांनी काढतात. घट्ट दाबाचा पोशाख चार ते सहा आठवडे अहोरात्र. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून थोडे चालावे लागते, नाहीतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी दुखून सुजली किंवा एकाएकी धाप लागली तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे; हा प्राणाचा प्रश्न असतो.

बसून करण्याच्या नोकरीवर दोन-तीन आठवड्यांत जाता येते, उभा छेद असेल तर अधिक लागतात. जड उचलणे, धावणे चार ते सहा आठवडे बंद. सूज उतरून खरा आकार दिसायला कित्येक महिने जातात. मांडीचा काही भाग बधिर राहतो, बहुधा हळूहळू संवेदना येते, कोठे येत नाही. दोन मांड्या तंतोतंत सारख्या होतीलच असे नाही.

आणि जखम उसवणे. हा अपवाद आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. लहानमोठ्या तक्रारींचे प्रमाण प्रकाशित अहवालांत शेकडा चाळीसच्या आसपास सापडते, काही अहवालांत त्याहून बरेच अधिक; आणि त्यांत पुढे असते ती जांघेतली उसवण, विशेषतः जेथे आडवा आणि उभा छेद मिळतो त्या टोकाशी. पाणी साठणे आणि जंतुसंसर्ग त्यामागोमाग. बहुतेक जखमा मलमपट्टीने भरतात, पण आठवडे लागतात. ही जागा मलमूत्राच्या जवळची, सदैव ओलसर, चालताना घासणारी. परदेशी माहितीपत्रकांत ‘व्यायाम टाळा’ एवढेच लिहितात, कारण तेथे माणसे खुर्चीवर बसतात. आमच्याकडे माणूस जेवायला मांडी घालून बसतो, पूजेला मांडी घालून बसतो, भजनाला बसतो, शौचाला उकिडवा बसतो, आणि बाई असेल तर आदोळीवर बसते. यांपैकी प्रत्येक आसन ताज्या टाक्यांना ताण देते. निदान सहा आठवडे खाली बसणे नाही, खुर्ची आणि कमोड हवा, हे आमच्या भाषेत लिहून देणारा एकही कागद माझ्या जाऊबाईंना मिळाला नव्हता. मिळाला होता तो गुळगुळीत इंग्रजी कागद, आणि त्याखाली तिची सही.

या सहीविषयी दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे, की रुग्णाची संमती खरी असावयास हवी. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती देऊन ती घेतलेली असावयास हवी. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर आदल्या रात्री घेतलेली सही या कसोटीला कशी उतरेल? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणे डॉक्टरांना निषिद्ध ठरविले आहे. असे असूनही आमच्या किनाऱ्यावर शस्त्रक्रिया आणि सागरकिनारी विश्रांती एकाच दरात देऊ करणाऱ्या जाहिराती झळकतात. उघड्या टाक्यांवर समुद्राचे पाणी! आणि चार दिवसांनी विमानात तासन्‌तास पाय लोंबकळत, जेव्हा गुठळीचे भय सर्वांत अधिक! या मंडळींवर बुवांनी एखादी कोटी केली असती तर मी पहिली टाळी वाजविली असती.

कायद्याचा दृष्टिकोनही फारसा वेगळा नाही. वैद्यकीय सेवेला वस्तू व सेवा कर माफ आहे. परंतु २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे सौंदर्यशस्त्रक्रियेला ती माफी मिळते ती जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा अथवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठीच. मेद उतरल्याने लोंबलेली, दर पावसाळ्यात कुजणारी कातडी या यादीत कोठे आहे? म्हणजे सरकारच्या दप्तरीही जाऊबाईंची जखम ही चैनच. विमा कंपन्या अशी क्रिया वगळतात, तथापि तेथे एक फट आहे: आरोग्याला प्रत्यक्ष आणि तात्काळ धोका आहे व तो दूर करण्यासाठी उपचार आवश्यक आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिल्यास दावा विचारात घ्यावा लागतो. म्हणून चिरा पडतात, संसर्ग होतो, तेव्हा प्रत्येक वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन नोंद करून घ्यावी, छायाचित्रे ठेवावीत. लाजेने घरगुती मलम लावीत बसणाऱ्या बाईपाशी दाखवायला पुढे एकही कागद नसतो.

केवळ दिसण्यासाठी करणारांचे काय, असे मला एका जाणत्या गृहस्थांनी विचारले. आजार असेल तर समजू शकतो, पण हौसेसाठी? मी त्यांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिले आणि उत्तर दिले नाही. हौस असेल तर पैसा तिचा आणि वणही तिचाच. तिलाही खरी माहिती मिळण्याचा हक्क तेवढाच आहे. माझ्या लेखी फरक एवढाच, की हौसेसाठी जाणारीने वरील हिशेब दोनदा वाचावा. थोड्याशा सैलपणासाठी जांघेपासून गुडघ्यापर्यंत वण घेणे हा मला तरी महागाचा सौदा वाटतो, आणि चांगला शल्यतज्ज्ञ असेल तर तोही तिला परत पाठवील. परत पाठविणारा डॉक्टर भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. डॉक्टर प्लॅस्टिक सर्जरीत एम.सीएच. अथवा तत्सम राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण आहे की नाही, या प्रकारच्या किती क्रिया त्याने केल्या, वर्षानंतरचे वण पाहावयास मिळतील काय, रात्री काही झाले तर फोन कोण उचलेल, हे विचारताना संकोच करू नये. उत्तरे नवऱ्याने किंवा जावेने लिहून घ्यावीत, कारण रुग्णाला त्या वेळी निम्मे ऐकू येत नाही.

देवस्थान समितीला मी पत्र दिले आहे. त्यात दोन मागण्या आहेत. पुढील वर्षीच्या कीर्तनकारांना कोणाच्या रुग्णशय्येवर विनोद न करण्याची विनंती आगाऊ करावी. आणि सप्ताहातील एक दुपार बायकांसाठी राखून, एखाद्या प्लॅस्टिक सर्जन बाईंना बोलावून, मेद, मधुमेह व त्यानंतरची त्वचा या विषयावर कोकणी-मराठीत बोलावयास सांगावे. सभागृहात त्या दिवशी खुर्च्याही मांडाव्यात. समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही. एका सदस्याने मात्र तोंडी कळविले, की विषय ‘नाजूक’ आहे. दहा नारळ खोवून उठलेल्या बाईची जांघ त्याने पाहिली नाही, म्हणून तो शब्द त्याला सुचला असावा.

जाऊबाईंचा उजवा वण आता फिकट झाला आहे; डावा, जो उसवला होता, तो रुंद आणि काळसर राहिला. दोन पावसाळे गेले, चिरा पडलेल्या नाहीत. ती पुन्हा मंडपात येते आणि डावीकडच्या खांबाला टेकून बसते. आमच्या घरी आता नारळ मी खोवते.